पट्टी तेवढी मूळची

तपासनीस: इंजिनाच्या पंख्याचे रिव्हेट जुने आहेत, रंगही कारखान्याचाच. पंखा मूळचा, असं लिहितो. होजवरच्या क्लिपा तारेच्या, त्याही बरोबर. खालची एक मात्र स्क्रूची आहे.

दादा: ती मी बदलली. गळत होती. एका क्लिपेने काय बिघडतं?

तपासनीस: काहीच नाही. बिघडलं असं मी म्हणत नाही, बदलली म्हणतोय. जुन्या गाड्यांच्या आमच्या संस्थेला तेवढंच हवं असतं.

दादा: साहेब, दोन आसनांची स्पोर्ट्स कार, सदुसष्टचं मॉडेल, आणि पहिल्यापासून एकाच मेकॅनिकच्या हाताखालची. आमच्या बाबांच्या. प्रमाणपत्र मिळालं की संग्रहालयात जाईल, त्यांच्या नावाची पाटी लागेल. धाकटे, तू सही करायला आली आहेस ना? मग बस त्या स्टुलावर. कशाला हात लावू नकोस.

धाकटी: नाही लावत. सव्वीस वर्षं कुठे लावलाय?

तपासनीस: ताई, सही शेवटच्या पानावर आहे, पण आधी वाचून घ्या. वडिलांमागे तुम्ही दोघं वारस, तेव्हा गाडीची माहिती दोघांनी दिली असं धरतात.

धाकटी: वाचतेय. 'इंजिन एकदा अतिउष्ण होऊन निकामी. कारण, धाकट्या बहिणीने रेडिएटरचे झाकण नीट न लावणे.' हे तू लिहिलंस, दादा?

दादा: रकाना होता. रिकामा कसा सोडणार? आणि घरात सगळ्यांना माहीतच आहे की.

धाकटी: घरात होतं तोवर तोंडी होतं. आता छापील झालं.

तपासनीस: झाकणावरून इंजिन गेलं?

धाकटी: अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात, सहलीला जाताना. तेव्हापासून आमच्याकडे बरणी सांडली, दार उघडं राहिलं, नळ वाहत राहिला, की कोणीतरी विचारतंच, 'धाकटीने लावलं होतं का?' माझ्या लग्नात मामांनी नवऱ्याला सांगितलं, 'हिला झाकणाचं काम देऊ नका.' सगळे हसले. मीही हसले. बाबा तेवढे हसले नाहीत. मला वाटलं, अजून राग गेला नाही.

दादा: जाऊ दे ना जुनं. साहेब, रेडिएटर बघा. वरच्या टाकीवर पितळी पट्टी आहे, तिच्यावरचा आकडा गाडीच्या सालाशी जुळतो.

तपासनीस: बघितला. पट्टी मूळची आहे. रेडिएटर नाही.

दादा: असं कसं?

तपासनीस: कारखान्यात आधी पट्टी कथलाने डागायचे, मग सगळ्याला रंग द्यायचे. इथे पट्टीच्या कडेखाली रंग जळलेला आहे. म्हणजे रंगवून तयार असलेल्या रेडिएटरवर ती नंतर डागली. मूळच्या जाळीत पाण्याच्या नळ्यांच्या तीन रांगा असतात, इथे चार आहेत. आणि तोंड खोल आहे.

धाकटी: तोंड म्हणजे?

तपासनीस: पाणी ओततो ते. मूळच्या रेडिएटरचं पाऊण इंच खोल, बदलीच्या मालाचं एक इंच. ही मोजपट्टी घ्या, स्वतः मोजा.

धाकटी: एक इंच. आणि झाकण?

तपासनीस: झाकणंही त्याच दोन मापांची. पाऊण इंची झाकण या तोंडावर बसतं, फिरवलं की खट् असा आवाजही येतो. पण आतलं रबर तळाला टेकत नाही. पाणी तापलं की वरच्या नळीतून निघून जातं. गल्लीत फिरवून कळत नाही. लांब गेलं की कळतं.

धाकटी: कितीही घट्ट लावलं तरी?

तपासनीस: कितीही. त्यात लावणाऱ्याचा दोष नसतो.

धाकटी: मी दोनदा फिरवून पाहिलं होतं. बाबांना म्हटलंही, खट् वाजलं होतं. म्हणाले, चुकलीस ते चुकलीस, वर खोटं बोलू नकोस.

दादा: अगं, इतक्या जुन्या गाडीत कधी काय बदललं असेल, कोण सांगणार?

धाकटी: तू सांगणार. कधी बदललास?

दादा: मीच कशाला? बाबांनीही बदलला असेल.

धाकटी: आणि पट्टी काढून नव्यावर डागली? स्वतःपासून लपवायला?

तपासनीस: मी जरा बाहेर थांबू का?

धाकटी: इथेच थांबा. तुमची नोंद अर्धवट राहायला नको.

दादा: सहलीच्या आधीच्या आठवड्यात. बाबा काकांकडे गेले होते. मित्रांना दाखवायला गाडी काढली. पुढे हातगाडीवर सळ्या होत्या, ती मधेच थांबली. एक सळई गाडीच्या पुढच्या जाळीतून सरळ रेडिएटरमध्ये. बाहेरून ओरखडासुद्धा नाही. चौकातल्या रेडिएटरवाल्याने दुसरा बसवून दिला. पट्टीची अक्कल त्याचीच. झाकण जुनंच ठेवलं, ते बसलं म्हणून. मापाचं मला खरंच माहीत नव्हतं.

धाकटी: रेडिएटर बदललाय एवढं माहीत होतं. रस्त्यात वाफ निघत होती, बाबा विचारत होते काय झालं. तेव्हा तू काय म्हणालास?

दादा: नको ना आता.

धाकटी: 'झाकण सकाळी धाकटीने लावलं.'

दादा: ते खोटं नव्हतं.

धाकटी: नव्हतं. म्हणून तर इतकी वर्षं टिकलं.

दादा: एकोणीस वर्षांचा होतो गं मी. बाबांनी सोलून काढला असता.

धाकटी: मी पंधराची होते. नुसत्या आवाजावरून सांगायचे, कुठला व्हॉल्व्ह ढिला आहे. बाबाच म्हणायचे, हात धाकटीचा, थोरल्याची नुसती बडबड. गॅरेज आपण दोघांनी चालवायचं ठरलं होतं, विसरलास? त्या दिवसानंतर मला पान्याला हात लावू दिला नाही. मी बँकेत चिकटले. इतरांच्या सह्या तपासते.

तपासनीस: माफ करा, एक गोष्ट राहिली. आत्ता लावलेलं झाकण एक इंची आहे. या तोंडाला योग्य तेच.

धाकटी: म्हणजे नंतर कळलं होतं तुला.

दादा: नाही. शपथेवर सांगतो, झाकणाला मी हात लावलेला नाही. दोन मापं असतात हेच मला आज कळतंय.

तपासनीस: साल कोरलंय त्यावर, नव्याण्णव. आणि कडेला पंचने मारलेले तीन ठिपके. हे कारखान्याचे नाहीत.

दादा: बाबांचे आहेत. स्वतः बसवलेल्या प्रत्येक पार्टवर ते तीन ठिपके ठोकायचे.

तपासनीस: इंजिन पुन्हा जुळवलं कोणी?

दादा: त्यांनीच. एकट्याने. नऊ-दहा महिने लागले. मला जवळ फिरकू दिलं नाही.

तपासनीस: मग हे तोंड मोजून आणलेलं झाकण आहे. या मॉडेलला कोणी अंदाजाने एक इंची आणत नाही. मी याहून जास्त काही म्हणणार नाही. ताई, सहीची घाई नाही. कारणाचा रकाना मी कोरा करून आणतो. बाहेरून गाडीच्या मागच्या बाजूचे फोटोही घेतो.

(तपासनीस कागद आणि कॅमेरा घेऊन बाहेर जातो.)

दादा: मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला वाटायचं, सुटलो.

धाकटी: सुटलासच की.

दादा: तुला सांगायचं असेल त्यांच्या मनात. जमलं नसेल.

धाकटी: शेवटची दीड वर्षं माझ्याकडे होते.

दादा: माहीत आहे मला.

धाकटी: बँकेतून आले की जेवणापर्यंत मी त्यांच्याजवळच बसायचे. रोज.

दादा: आजारी माणूस गं. अंथरुणाला खिळलेला.

धाकटी: पाय गेले होते, दादा. बोलता येत होतं.