फडाच्या मधोमधचे ठिपके

जमलेल्या समद्या मंडळींनो, बोलायला उभी राह्यले. मी सुमन, भास्करची मोठी बहीण, तुमच्या गावची सून. भास्कर जालन्याच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचा. परवा इथल्याच उसाच्या फडात त्याला पान लागलं. सापाचं नाव घ्यायचं न्हाई म्हणून आपण पान म्हणतो. मी आज घेते. घोणस होती.

दर सुट्टीत माझ्याकडं यायचा आन् गावाच्या नकाशावर ठिपके द्यायचा. जिथं माणसाला साप चावला, तिथं एक ठिपका. तुम्ही हसलात. कुणी म्हणालं, म्हसोबापाशी ठिपके जास्त, देव कोपलाय. तो म्हणाला, "अक्का, तिथून समदा गाव जातो. माणसं जास्त, तर ठिपकेही जास्त. देवाचा काय दोष?"

मंग अंगणात सतरंजी अंथरून त्यानं ज्वारीचे दाणे उधळले. कुठंकुठं दाणे गोळा झाले. म्हणाला, "बघ, आपोआपही गोळा होतंच. त्याला भ्यायचं न्हाई." पुन्हा उधळले. पुन्हा उधळले. मंग नकाशा दाण्यांशेजारी ठेवून बघितला. "अक्का, आपले ठिपके फडाच्या मधोमध दाटलेत. दाणे तसे एकदाही दाटले न्हाईत. हे आपोआप न्हाई." मला लई भ्या वाटलं तेव्हा.

मधोमधच का? आपली रीत आठवा. दोन टोळ्या, दोन टोकांनी तोड, पैज लावून मधी भेटायचं. जनावर मधल्या उसात सरकत जातं आन् तिथंच कोंडतं. भास्कर हात जोडून म्हणाल्ता, एकाच टोकानं तोडा, दुसरं मोकळं सोडा. ऐकलं कुणी? मुकादम म्हणले, "सर, कॉलेजातलं कॉलेजात ठेवा."

परवा एका बाईला साप चावला. ठिपका द्यायला नेमकी जागा कुणी सांगेना, म्हणून हा स्वतः बघायला उसात शिरला. बाई वाचली. भास्कर न्हाई वाचला. मला त्याचा राग येतो. एक ठिपका जरा इकडंतिकडं झाला असता, तर काय बिघडलं असतं, बाबा?

तोड दुखवट्यापायी थांबलीये. उद्या सुरू होणार म्हणे, दोन्ही टोकांनीच. माझी सून मोळ्या बांधायला जाणार आहे. तुमच्याही घरच्या बाया आहेत त्यात.

आता समदे उभे राहा. मुकादम, तुम्हीही. हात जोडा आन् गप्प राहून तिकडं बघा, मधला ऊस इथून दिसून राह्यलाय. वारा बिलकुल पडलाय. तरी खालचं पाचट हलून राह्यलंय.