धानाचे झुमके

मंजूताई बालाघाटच्या कटलरीच्या दुकानात लेस घ्यायला थांबल्या होत्या. वारासिवनीच्या बसची वेळ होत आली होती. पुढे मायलेकी उभ्या. काउंटरवर पुठ्ठ्याचे कापलेले झुमके आणि पुडीत धानाचे दाणे.

"भाऊ, सगळ्यात पक्का गोंद द्या. लग्नात पोरीच्या कानातला एक दाणा पडला नाही पाहिजे."

"ये लो काकी. एक बार चिपका तो छूटता नहीं."

"हा नको भाऊ. सफेदवाला द्या, पाण्यानं सुटते तो."

"काहून वं रीना? वरातीत नाचशीन, घाम येईन, अन् सारे दाणे गळतीन."

"पक्क्या गोंदात दाणा मरते, माय."

"मरते तं मरू दे. झुमक्यातले दाणे का शिजवाचे हायेत?"

"शिजवाचे नाही, पेराचे हायेत. हे आपल्या बांधीतलं धान हाय. राजेगावले सासरी त्याइच्याकडे हे वाण नाही. लग्न झालं का झुमके भिजवीन अन् दाणे सोडवून घेईन."

दुकानदार दोन्ही गोंद हातात धरून थांबला. बाहेर बसचा हॉर्न वाजला. मंजूताई हलल्या नाहीत.

"सफेदच द्या, भाऊ," आई म्हणाली. "अन् रीना, झुमके पुन्हा जरा मोठे कापजो."