पुडीचं तेज

मी मूळची मोरगावची, आमच्याकडं सगळं जिरायत, बाजरी आन् शेरडं, दुसरं काय न्हाय, आन् दिलं हितं पिंपळीला, उसाच्या बागायतीत, तवा बाप म्हनला, पोरगी पान्याच्या गावाला गेली, सुटली. सुटली म्हनं! काय सांगू तुमाला ताई, माझा बाप शेरडाला जंताचं औषध पाजायचा तरी आधी त्याला उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, गाभन हाय का बघायचा, मग पाजायचा. मुक्या जित्राबाला एवढी काळजी, आन् हितं बागायतदाराच्या घरात कुनी काय सांगंल ते तोंडात टाकायचं. आमच्या मालकांचंच सांगते, लपवून काय करू. गाव त्येंना तात्या म्हनतंय, मी बी तात्याच म्हनते. उसात त्येंचा हात धरनारा न्हाय, ते मी बी मानते. लागनीच्या आधी माती पिशवीत भरून तपासायला देनार, कागद आला की त्या परमानं खत टाकनार, चिमूटभर इकडं न्हाय का तिकडं न्हाय. आन् सोताचं रक्त-लघवी तपासा म्हनलं की अंगावर यायचं, मला काय झालंय म्हनायचं.

झालं व्हतं ना. बीपी निघाला, शुगर निघाली. बारामतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आन् नीट समजावून सांगितलं, की ह्या गोळ्या सोडायच्या न्हाईत, बीपी-शुगर ताब्यात ऱ्हायली तर किडनी ऱ्हाईल, मधनंमधनं तपासून घ्या, आन् दुखन्याच्या गोळ्या मनानं आनून खाऊ नका, त्या किडनीला लागत्यात. मी शेजारी बसून सगळं ऐकलं. तात्यांनी ऐकलं न्हाय, कारन तात्या फोनवर ऊसतोडीच्या टोळीच्या मुकादमाशी बोलत व्हतं, डॉक्टरला हातानं थांबा थांबा करत. घरी येताना मी सांगाया लागले तर म्हनलं, तू डॉक्टर का? घ्या! तोंड बंद.

आन् आमच्या लोकांची रीत काय हाय ताई, आजाऱ्याला भेटायला मानूस रिकाम्या हातानं आला तर चालतंय, पन औषध सांगितल्याबिगार उठत न्हाय. कुनी म्हनलं गुळवेल, कुनी म्हनलं कारल्याचा रस, एक पाव्हना तर कसला पाला घेऊनच आला. पन एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत, ह्या इंग्रजी गोळ्या लई उष्न, रोज खाल्ल्या की किडनी सडती, लिव्हर सुजतं. चहा आमचाच पेयाचा, साखर जास्त टाका म्हनायचं, आन् आमाला ग्यान शिकवून जायचं. तात्या भ्यालं. भ्यालं म्हनून कबूल करायचं न्हाईत, पन मला कळायचं ना, गोळी हातात घेऊन बघत बसायचं.

त्यात इंदापूरच्या बाजारात तो मुडदा भेटला. जीप घेऊन यायचा, भोंगा लावायचा, आन् पुढं टेबलावर पलास्टिकची किडनी, लालभडक, शेंग सोलल्यासारखी मधनं उघडायची. ती उघडून दाखवायचा, बघा, गोळ्यांचा गाळ हितं बसतोय, माझी पुडी हा गाळ धुऊन काढती. जडीबुटी म्हनं. तात्या पुडक्याचं पुडकं घेऊन आलं. उसाला खत घेताना दहा मानसांना इचारनारा मानूस, त्या पुडीत काय हाय एवढं बी इचारलं न्हाय. आन् डॉक्टरच्या गोळ्या कपाटात टाकल्या त्या टाकल्याच.

पुडी एकट्यानं खाल्ली असती तर एक दुखनं. पन माझं बी गुडघं खुरपून खुरपून गेलेलं, तर म्हनलं, तू बी घे, तुझी बी किडनी साफ व्हईल. मी नको म्हनलं तर तुला काय कळतंय. आता खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. सकाळी घेतली की दुपारी पाय हलकं, भूक सपाटून लागायची, तात्या तर पोरागत बांधावरनं फिरायचं. दोघांची तोंडं भरली, गाल वर आलं. जळोचीची ननंद आली, ती म्हनली, वयनी, दोघांच्या बी तोंडावर काय तेज आलंय गं, कसलं औषध? गावातली बी तेच म्हनायची. तात्या मिशीवर हात फिरवायचं. मी एकदा दाखवलं, अवो, पायात चपलेचा पट्टा रुततोय, वळ उठतोय, ही सूज हाय. तर म्हनलं, तुला कुनाचं बरं झालेलं बघवत न्हाय का?

तेज! जळलं ते तेज.

एक दिवस उसाला पानी देता देता तात्या बांधावरच बसलं. उलटी झाली, दम लागला, बोलायला येईना. पोरानं, आमच्या संदीपनं, गाडीत घातलं आन् बारामतीला न्हेलं. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, आन् डॉक्टर म्हनलं, दोन्ही किडन्या गेल्यात, आता डायलिसिस. काय काय खात व्हता इचारलं तवा संदीपनं तात्यांच्या खिशातनंच पुडी काढून दिली. डॉक्टर म्हनलं, असल्या पुड्यांत दुखन्याच्या गोळ्या आन् स्टेरॉइड कुटून घातलेलं सापडतं, म्हनून बरं वाटतं, तोंड सुजतं, आन् आतनं सगळं पोखरतं. मी इचारलं, आन् तुमच्या गोळ्यांनी किडनी जाती म्हनून आमी त्या सोडल्या, त्येचं काय? डॉक्टर म्हनलं, आजी, त्या किडनी वाचवायलाच दिल्या व्हत्या. मला तितंच हसू फुटलं. लोकं बघाया लागली, म्हातारी येडी झाली का काय. पन हसू नको तर काय करू, ताई?

मग किडनी बदलायची गोष्ट निघाली. ननंद लगीच म्हनली, संदीपचं अजून लगीन व्हायचंय. सोताचं नाव न्हाय घेतलं हां! आन् सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. एक गोळी खा म्हनलं तर जनमभर ऐकलं न्हाय, आन् आता किडनी काढून द्यायला मी. लई राग आला. तात्या भिंतीकडं तोंड करून पडलं व्हतं. मी म्हनलं, देते. कुंकवासाठी बिंकवासाठी न्हाय, मला त्या मानसाशी अजून भांडायचं व्हतं, मेल्यावर कुनाशी भांडू?

माझ्या तपासन्या झाल्या. डॉक्टरांनी कागद बघितला आन् मला खुर्ची दिली. म्हनलं, आजी, तुमची किडनी बी निम्म्यावर आलीय, लिव्हर बी सुजलंय, तुमाला देता यायची न्हाय, हाय ती सांभाळा. मी पुडी बंद केली हे सांगितलं, तर म्हनलं, बरं केलं, पन गेलेली परत येत न्हाय. मी भायेर येऊन तात्यांना सांगितलं, घ्या, माझी बी साफ केली तुमी. तवा तात्या रडलं. सासू गेली तवा बी न रडलेला मानूस, दवाखान्यात सगळ्यांदेखत हुंदकं देऊन रडला. मला दया आली न्हाय. दुसऱ्या दिवशी आली, पन त्या दिवशी न्हाय.

आता संदीप त्येंना गाडीवर डायलिसिसला न्हेतो, आनतो. पानी मोजून, जास्ती झालं की अंगात साचतंय. दारात पाट वाहतोय, आन् मालकाला पेलाभर पानी दिवसभर पुरवायचं. मी माझ्या गोळ्या खाते, डॉक्टर म्हनंल तवा रक्त तपासायला देते, गुडघं दुखलं तर शेकत बसते. भेटायला येनारी अजून येत्यातच. परवा एक पाव्हना आला, बसला, आन् म्हनतो कसा, तात्या, मागं तुमच्या तोंडावर लई तेज आलं व्हतं बगा, ते औषध कुठं मिळतंय, माझ्या मंडळीचं गुडघं धरल्यात. माझ्या हातात चहाची कपबशी व्हती, तशीच धरून उभी ऱ्हायले. तात्यांनी बाही वर केली, सुया टोचून टोचून टरारलेला हात पुढं केला, म्हनलं, हात लावून बघ. त्यानं लावला, डायलिसिससाठी जोडलेली शीर थरथरती ना, तर चटकन काढून घेतला. चहा प्याला आन् गेला. पन जाताना उंबऱ्यात संदीपला हळूच इचारलं, इंदापूरच्या बाजारात कुठल्या अंगाला बसतो तो?

अशी लोकं हायत. कुनाकुनाला सांगनार?

तात्या आता सांजच्याला रोज इचारत्यात, गोळी घेतली का. मी व्हय म्हनते. चाळीस वर्साच्या संसारात माझ्या खाल्ल्या-पिल्ल्याचं कवा इचारलं नव्हतं, आता इचारत्यात. बरं वाटतंय, आन् राग बी येतोय.

बसा ताई, उठू नका, देव तुमाला धडधाकट ठेवो, चहा टाकते. पन हितं त्येंच्या म्होरं नको, आत चुलीपाशी या, तितं पिऊ. त्येंचं आजचं पानी संपलंय.