गुजरातेत मेलेली म्हैस

सरकारी भरपाईचं माझ्यापुढे नावच काढू नका! आमच्या सीमेवरच्या वेवजी गावातल्या काकांची म्हैस रोज चरायला गुजरातेत जायची आणि दूध द्यायला महाराष्ट्रात यायची. एका पावसाळ्यात चरता चरताच तिच्यावर वीज पडली. दुसऱ्या दिवशी पंचनाम्याला ढोरांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "काका, म्हैस गुजरातेत मेलीय. आपल्या हद्दीत असती तर मदत मिळाली असती."

काकांनी लगेच ट्रॅक्टर आणून म्हैस ओढत अलीकडे आणली. डॉक्टरांनी मोबाईलवर फोटो काढला. त्या फोटोवर जागेचं नाव आपोआप उमटतं. उमटलं गुजरात!

"अजून थोडी आत घ्या," डॉक्टर म्हणाले.

घेतली. पुन्हा गुजरात. असं करत करत म्हैस वासासकट थेट काकांच्या ओट्यावर चढली, तेव्हा कुठे फोटोवर महाराष्ट्र आला. नाकाला पदर लावून काकी म्हणाली, "जिवंतपणी हिला कधी ओट्याला पाय लावू दिला नव्हता!"

डॉक्टर सरळमार्गी माणूस. फोटोत दिसलं तेच त्यांनी लिहिलं: वीज पडून मृत्यू, ठिकाण राहत्या घराचा ओटा.

महिन्याभराने तालुक्याच्या ऑफिसातून विचारणा आली, की ओट्यावर वीज पडली, तर घर शाबूत कसं?

काका तो कागद घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "तू शिकलेला आहेस, तूच सांग. छपराला भोक केवढं पाडू?"