चढलेल्यांची मोजणी

सकाळी सव्वाआठला पुलापलीकडच्या वॉटरफ्रंटकडे जाणाऱ्या बसच्या स्टॉपवर माझ्यापुढे दोघं मराठीत बोलत होते: डबा घेतलेल्या एक मावशी आणि गळ्यात सिटीचं, म्हणजे महापालिकेचं, आयडी कार्ड घातलेला, हातात टॅब धरलेला मुलगा. भरलेली बस न थांबता समोरून गेली.

“ही तिसरी. टॅबवर काय टाकलंस रे?”

“झिरो, मावशी. मी बोर्डिंग काउंट करतोय. इथे कोणी चढलंच नाही.”

“थांबली तर चढू ना!”

“ट्रू. पण कॉलम फक्त चढलेल्यांचा आहे.”

“आणि राहिलेल्यांचा?”

“तो फॉर्ममध्ये नाही.”

“मग ह्या आकड्यांचं करणार काय?”

“जिथे कमी लोक चढतात, ते स्टॉप बंद. म्हणजे बस फास्ट जाईल.”

“म्हणजे आमचा स्टॉप गेला!”

“मी डिसाइड नाही करत, मावशी. नऊला वॉटरफ्रंटवर मीटिंग आहे, तिथे फक्त नंबर्स देणार.”

“तू जाणार कसा?”

“बसनेच. ती बघा, आली.”

“हात कर, हात कर!”

“ओह, कमॉन! ही पण फुल?”

“टाक झिरो. आणि चल पटकन, पुलावरून पायी पस्तीस मिनिटं लागतात. मला रोजची सवय आहे.”