देखभालीचा आठवडा

(रविवारची सकाळ. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंतचा अरुंद बोळ. नवरा आणि बायको एकामागे एक उभे, अंगावर कपड्यांचे थर, हातात बॅगा, पायांपुढे फरशीवर चिकटवलेली पट्टी. बोळाच्या टोकाला खुर्ची टाकून नवऱ्याची आई बसलेली, मांडीवर कागदांची फाइल.)

बायको : किती झाली?

नवरा : एकेचाळीस मिनिटं. बॅग खाली टेकवू नकोस.

बायको : अहो, दूध ठेवलंय गॅसवर.

नवरा : तिथं पार्कात गॅस नसणार. तिथं फक्त रांग असणार. एकेका पाळण्याला सरासरी पंचाहत्तर मिनिटं. आज इथं टिकलीस तर तिथं टिकशील.

आई : दूध मी उतरवलंय. सूनबाई, तुझा पाय पट्टीच्या पुढे आलाय.

बायको : आई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

आई : मी फाटकावर आहे. त्यानं बजावलंय, ओळख दाखवायची नाही.

बायको : मला बाथरूमला जायचंय.

नवरा : जा की. पण नंबर जाईल. परत आलीस की शेवटी उभं राहायचं.

बायको : म्हणजे तुमच्या मागे.

नवरा : हो.

बायको : आत्ता कुठे उभी आहे मी?

नवरा : माझ्या मागे. बरं, ये जाऊन.

आई : आणि तू ते जाकीट तरी काढ रे. घामानं निथळतोयस.

नवरा : जाकीट काढलं तर बॅगेत घालावं लागेल. बॅगेत घातलं की सात किलोच्या वर जाणार, आणि सातच्या वर गेलं की विमानवाले पैसे घेणार. माणसाचं वजन कुणी करत नाही, आई. म्हणून जड ते अंगावर. तीन शर्ट, दोन पँटी, डाव्या खिशात चार्जर, उजव्या खिशात अंडी.

आई : अंडी?

नवरा : उकडलेली. तिथं खाणं महाग आहे.

आई : अरे, पण जायला अजून तीन आठवडे आहेत.

नवरा : सराव म्हणजे सराव.

बायको : आई, एक फुटलंय त्यातलं. मगाशी हे वाकले होते ना, तेव्हा. मी मागेच उभी आहे, मला वास येतोय.

नवरा : तू बाथरूमला जाणार होतीस.

बायको : नाही जात. माझा नंबर जाईल. कशी बाई तुमची ही तऱ्हा. पंचवीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करताय म्हणून सहलीचंही जॉब कार्ड बनवायचं? ऑफिसात मैत्रिणींना दाखवलं तर हसून हसून त्यांचे हेडफोन पडले. काम, वेळ, तपासले, सही. "आकाशपाळणा : तपासले." सही कुणाची, तर आईंची.

आई : मी दोन-तीन करून ठेवल्यात.

नवरा : आई, जायच्या आधी सह्या करायच्या नसतात.

बायको : आणि जोडप्यासाठी खास खोली म्हणून जी घेतलीत, तिचा फोटो पाहिला मी. पलंग एकावर एक आहेत.

नवरा : म्हणून तर परवडली. वरचा तुला.

बायको : लग्नाला चोवीस वर्षं झाली आणि मी शिडी चढून झोपायला जाणार.

नवरा : शिडी मी आधी तपासेन. अगं, सगळंच जोडप्याच्या सवलतीत आहे. दोघांत एक सरबत, दोघांत एक फोटो, आणि एक फुगा.

बायको : फुग्याचं काय करायचं आपण?

नवरा : फुकट आहे तो.

आई : गप्प बसा जरा दोघं, मी वाचतेय. मोतीबिंदू काढल्यापासून किती बारीक अक्षर दिसतं म्हणून सांगू. काल साबणाचं वेष्टण वाचलं सगळं. तुमच्या तिकिटामागे पुष्कळ मजकूर आहे. "पार्कमध्ये काचेची भांडी आणू नयेत." "टोपी उडाल्यास पार्क जबाबदार नाही."

नवरा : टोपीला मी नाडी लावलीय.

आई : "एकोणीस ते सव्वीस तारखेपर्यंत मोठा रोलर कोस्टर वार्षिक देखभालीसाठी बंद राहील. त्याबद्दल तिकिटात सवलत दिली आहे." रोलर कोस्टर म्हणजे ती उलटी होणारी गाडी ना रे?

बायको : परत वाचा बरं ते.

आई : एकोणीस ते सव्वीस.

बायको : आपण कधी आहोत तिथं?

नवरा : एकवीस आणि बावीस. बॅग का खाली ठेवलीस? अठ्ठावन्न मिनिटं झालीत.

बायको : तुम्हाला माहीत होतं?

नवरा : सांगणार होतो गं. विमानात बसल्यावर सांगणार होतो, तुझा चेहरा बघायला. अगं, वर्षातून एकच आठवडा ते ती गाडी उघडतात. झाकणं काढतात. आत साखळी असते, गाडीला वर ओढून नेणारी. आणि गाडी चढताना टक टक आवाज येतो ना, तो खालच्या खिट्ट्यांचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. एरवी कुणाला दिसत नाही ते. आपल्याला दिसणार. आणि वर स्वस्तात.

बायको : मला साखळी बघायचीय असं कुणी सांगितलं तुम्हाला?

नवरा : तूच. म्हणजे बोलली नाहीस, पण रोज संध्याकाळी चहा घेताना मोबाइलवर त्याच गाडीचे व्हिडिओ बघतेस. आणि आवाज बंद करून बघतेस. आवाज बंद करून कोण बघतं? ज्याला यंत्राकडे लक्ष द्यायचंय तो. मीसुद्धा तसंच बघतो. मला इतकं बरं वाटलं, म्हटलं, चोवीस वर्षांनी का होईना, हिला गोडी लागली.

बायको : आवाज बंद असतो, कारण दिवसभर माझ्या कानात आवाजच असतात. आणि मी यंत्र बघत नाही. मी त्यात बसलेल्या बायका बघते. त्यांची तोंडं बघते. कशा ओरडतात बघा. माझ्या वयाच्या, माझ्याहून मोठ्या, चांगल्या घरच्या. घसा फाटेस्तोवर ओरडतात आणि एक माणूस मान वळवून बघत नाही. मला तिथं बसून ओरडायचंय. तेवढ्यासाठीच यायचं होतं मला. फुगा नको, सरबत नको.

आई : कशासाठी गं ओरडायचं?

बायको : कशासाठी नाही, आई. नुसतंच. सकाळी नऊला पाण्याच्या खात्यात तक्रारींच्या फोनवर बसते, संध्याकाळी सहाला उठते. पाणी आलं नाही, गढूळ आलं, पहाटे तीनला आलं. पाणी मी सोडत नाही, नळ माझ्या हातात नाही, पण शिव्या मला. आणि मी म्हणायचं, आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत. दिवसाला दीडशे वेळा. आवाज चढला की मार्क कापतात. मागे आपल्याकडेच दोन दिवस पाणी नव्हतं, तर मी घरून फोन केला. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीणच मला म्हणाली, दिलगीर आहोत. आणि मीही तिला म्हटलं, दिलगीर आहोत.

आई : मग ओरड की इथं. मी कानात कापूस घालून बसते.

बायको : इथं ओरडून पाहिलंय.

नवरा : कधी?

बायको : चार वर्षं झाली. बाथरूममध्ये.

नवरा : तेव्हा तर तुला गीझरचा शॉक बसला होता.

बायको : नव्हता बसला. मी ओरडले, आणि अर्ध्या मिनिटात तुम्ही दाराशी पक्कड घेऊन हजर. काय झालं, काय झालं. खालच्या मजल्यावरचे काका वर आले. काय सांगणार होते मी सगळ्यांना? म्हटलं, शॉक बसला.

नवरा : मी गीझर बदलला.

बायको : हो.

नवरा : दोन दिवस सुट्टी काढून. वायरिंगही बदललं.

बायको : हो ना. तुमचा उत्साह बघून खरं सांगायचा धीर झाला नाही मला.

नवरा : म्हणजे जुना गीझर चांगला होता?

आई : अरे, गीझर काय घेऊन बसलास. ती काय म्हणतेय ते ऐक.

नवरा : ऐकतोय. मला वाटायचं, तू शांत आहेस. सगळ्यांना सांगतो मी, आमची बायको कधी आवाज चढवत नाही. चोवीस वर्षांत एकदा नाही. अभिमानानं सांगतो.

बायको : मी ओरडले असते तर तुम्ही दुरुस्त करायला आला असता. म्हणून नाही ओरडले. मला दुरुस्ती नको होती.

आई : उभी का आहेस, बस खाली. रांग संपली. मी फाटक उघडलं म्हण.

नवरा : तारीख बदलता येईल. थांब, मागे लिहिलेलं असेल. आई, वाच.

आई : "तारीख बदलल्यास मुक्कामाची एक रात्र व पार्कचा दुसरा दिवस रद्द समजला जाईल."

बायको : म्हणजे एवढे हेलपाटे खाऊन तिथं एकच दिवस. चौदा तास तर मधल्या विमानतळावरच बसायचंय. राहू द्या. बघू तुमची साखळी. मी कठड्याला धरून बघेन, खरंच.

नवरा : नको.

बायको : रुसून म्हणत नाहीये मी.

नवरा : कळलं. नको तरी. तुला न सांगता मी तिथं पत्र पाठवलं होतं, कंपनीच्या पत्त्यावर. म्हटलं, मी लिफ्टवाला आहे, लांबून येतोय, जरा जवळून बघू द्याल का. तिथल्या मुख्य मेकॅनिकनं स्वतः उत्तर दिलं. दोनच ओळी. "या. सकाळी कठड्याशी उभे राहा, मी आत घेऊन दाखवतो." पंचवीस वर्षांत मला कुणी या म्हटलेलं नाही गं. लिफ्टमध्ये अडकलेला माणूससुद्धा म्हणतो, अजून किती वेळ.

बायको : अहो, मग जाऊ ना त्याच तारखेला. मला सांगायचं तरी.

नवरा : आणि तू ओरडणार कुठे?

बायको : बघू कुठेतरी.

नवरा : कुठे बघणार? घरात मी, ऑफिसात मार्क. फोन करतो, तो अंड्यांच्याच खिशात आहे. ते फुटलेलं अंडं घे आधी खिशातून, हात घालता येत नाहीये. हां. हॅलो? तारीख बदलायचीय. हो, जोडप्याचं तिकीट, विमानासकट. थांबतो. थांबायची सवय आहे मला, आजच एक तास काढलाय.

आई : सूनबाई, इकडे ये. तू खरंच चार वर्षं गप्प बसलीस?

बायको : त्याच्याआधीचीही धरा.

आई : मी आपली उशीत तोंड खुपसायची. तुझे सासरे होते तेव्हा. आवाज येत नाही, पण कापूस जातो नाकात.

नवरा : हॅलो, हो. नाही कसं? तिकिटामागे स्वच्छ लिहिलंय. अहो, लिहिलंय म्हणतो ना. मग आधी ज्यांनी छापलं त्यांना विचारा. तुम्ही आहात कशाला तिथं?

बायको : द्या इकडे.

नवरा : थांब, ही बाई ऐकतच नाहीये. नुसतं दिलगीर आहोत, दिलगीर आहोत.

बायको : फोन द्या म्हणते ना. हॅलो, ताई? त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. तुम्ही काही बोलू नका आधी, पाणी प्या घोटभर. प्यायलात? कितवा फोन आजचा? अरे देवा, रविवारी एवढे? नाही, नाही, दिलगीर वगैरे म्हणायचं नाही मला. मीही हेच करते, पाण्याच्या खात्यात. हो ना. तुमच्याकडेही मार्क कापतात? हो, आम्हाला चालेल. एक दिवस गेला तर जाऊ दे. सत्तावीस? गाडी सुरू असेल ना सत्तावीसला? बरं. ताई, तुम्ही बसलायत कधी त्या गाडीत? एवढ्या जवळ असून? बसा हो एकदा. माझं ऐका.

नवरा : काय म्हणाली?

बायको : झालं. सत्तावीस तारीख. देखभालीनंतरचा पहिला दिवस, सगळ्यात पहिली फेरी मिळेल म्हणाली, सकाळी लवकर गेलो तर.

नवरा : पहिली फेरी. म्हणजे खिट्ट्या नुकत्याच घातलेल्या असणार.

बायको : मग चांगलंच ना?

नवरा : चांगलंच. दुरुस्तीनंतर आम्ही नाही बसत पहिल्या फेरीला लिफ्टमध्ये, रिकामी सोडतो आधी. पण चांगलंच. मी त्या मेकॅनिकला कळवतो, येत नाही म्हणून.

आई : येत नाही कशाला, सत्तावीसला येतो म्हणून कळव. झाकण लावलेलं असलं तरी माणूस असेल ना तिथं.

नवरा : हं. तसं कळवतो.

बायको : अहो, जोडप्याचं तिकीट आहे. तुम्हाला शेजारी बसावं लागेल.

नवरा : माहितीय.

बायको : तुम्ही तर आकाशपाळण्यालाही खाली उभे राहून हात हलवता.

नवरा : आत काय काय असतं ते माहीत असलं की भीती जास्त वाटते. पण बसेन.

बायको : मी ओरडले की काय झालं म्हणून विचारायचं नाही.

नवरा : नाही विचारणार.

बायको : खाली उतरल्यावरही नाही. घरी आल्यावरही नाही.

नवरा : नाही. आणि मी ओरडलो तर?

बायको : मीही नाही विचारणार.