बाबांचा कॉम्प्युटर उभा केला

ताई : आणि पलंगाशेजारी हे काय उभं करून ठेवलंयस? कपाट आहे की काय?

बारक्या : कॉम्प्युटर आहे. बाबांचाच. टॉवरमध्ये बसवलाय. आतला बोर्ड तोच, काही बदललेलं नाही.

ताई : बाबांच्या कॉम्प्युटरला वेगळा कीबोर्ड नव्हता. झाकणातच बटणं होती. आख्खं मशीन एका चपट्या डब्यात, टीव्हीला जोडलं की झालं. हा पत्र्याचा खोका कुठून उपटला?

बारक्या : माझ्या दुकानातला. कुणाचा तरी पडून होता.

ताई : म्हणजे भंगारातला! तीस वर्षं त्यांनी त्या डब्याला चरा पडू दिला नाही. माणूस जाऊन महिना नाही झाला, आणि तू पोट फाडून बसलास त्याचं!

बारक्या : हळू बोल. आई आत पडलीय जरा.

ताई : ऐकू दे तिलाही. मागे बघ, मागे. ही भोकं कानशीनं पाडलीस ना? कडासुद्धा घासल्या नाहीस. मागच्या वर्षी हा विषय निघाला तेव्हाच मी सांगितलं होतं, त्याला हात लावायचा नाही.

बारक्या : सांगितलं होतंस. तू सांगतेसच. फोनवरून.

ताई : म्हणजे काय?

बारक्या : काही नाही.

ताई : विकायला काढलायस ना? जुन्या मशीनचे शौकीन असतात, त्यांना दाखवायला नटवलायस.

बारक्या : हो. विकायलाच काढलाय. गिऱ्हाईक खाली उभं आहे. झालं समाधान?

ताई : माझी पाढ्यांची कॅसेट कुठंय? बाबांनी माझ्यासाठी प्रोग्राम लिहिला होता ती?

बारक्या : टेपमध्येच आहे. लाव. कर खात्री.

(टेपची लांबलचक किरकिर. मग शांतता.)

ताई : आलं. ‘सांग चिमणे, सात आठा किती?’ पडद्यावर अक्षरं इंग्रजी आणि बोलणं बाबांचं. छप्पन्न. शाब्बास म्हणतोय... पुढचं... अरे, हे काय? पडदाभर चौकोन चौकोन झाले. मोडलास! बारक्या, मोडलास तू तो!

बारक्या : आडवा कर.

ताई : काय?

बारक्या : बंद कर, टॉवर कुशीवर झोपव आणि परत चालू कर. चालेल.

ताई : थट्टा सुचतेय तुला?

बारक्या : थट्टा नाही. टॉवर उभा असला की आतला बोर्डही उभा राहतो. तापला की एक चिप खोबणीतून सरकते. आडवा ठेवला की नाही सरकत.

ताई : सरकते, कारण तिला वरून दाबणारं काही उरलं नाही! झाकणाला आतून रबर चिकटवलं होतं बाबांनी. माझं खोडरबर, अर्धं कापून. झाकण लावलं की ते बरोबर त्या चिपवर बसायचं. चौथीत होते मी, रडून घर डोक्यावर घेतलं होतं त्या रबरासाठी. दुरुस्तीचं दुकान चालवतोस आणि एवढं दिसलं नाही तुला?

बारक्या : रबर होतं होय ते! आठवडाभर डोकं फोडलं आम्ही दोघांनी, पण झाकणाकडे परत बघायचं सुचलंच नाही.

ताई : दोघांनी? दोघं कोण?

बारक्या : कुणी नाही.

ताई : बारक्या, दोघं कोण?

आई : सांगून टाक रे तिला. तुमचा आरडाओरडा जिन्यापर्यंत जातोय.

बारक्या : बाबा. बाबांनीच करून घेतलंय हे माझ्याकडून. रबराचं तेही विसरून गेले होते.

ताई : खोटं बोलू नकोस.

आई : खोटं नाही गं. उठून बसवत नव्हतं त्यांना. पाठ जरा उचलली की कळ यायची. तो डबा पोटावर घेऊन बघितला एकदा. वायरींचा गुंता, वजन, आणि तापायचा किती! म्हणून बटणं वेगळी करून हवी होती. कीबोर्ड पोटावर, खोका शेजारी.

बारक्या : भोकं कुठं पाडायची ते पडल्यापडल्या सांगायचे. ओबडधोबड झाली म्हणून बोलणीही खाल्लीत मी. तुझ्याआधी.

आई : आणि उभा केला की बंद पडायचा, तेव्हा म्हणायचे, माझ्याच वळणावर गेलाय. आडवा पडला की बरा असतो.

ताई : मला का नाही सांगितलंत?

बारक्या : ओरडली असतीस.

ताई : डब्यावरून? एवढ्याशा डब्यावरून मी...

बारक्या : आत्ता काय करत होतीस? पण डब्यावरून नाही. वेगळा कीबोर्ड कशाला लागतोय, असं विचारलं असतंस. बाबा म्हणाले, टॉवरचं तिला बोलू नकोस, मी अंथरुणावरून उठत नाही हे ती लगेच ओळखेल.

ताई : आणि रोज मला फोनवर सांगायचे, आत्ताच खाली चक्कर मारून आलो. मी म्हणायचे, हळू चाला. हळू चाला म्हणायचे मी त्यांना! आई, तू शेजारीच असायचीस ना?

आई : असायचे.

ताई : आणि ऐकत बसायचीस. तिघांनी मिळून पाहुणी केलीत मला. माझ्याच बापाच्या घरात.

बारक्या : मला हौस नव्हती. कितीदा तुला फोन लावायला घेतला. ते हात धरायचे माझा.

ताई : सोडवायचा होतास.

बारक्या : सोडवायचा? काय जोर उरला होता त्या हातात? म्हणूनच नाही सोडवला.

आई : पुरे आता. दोघंही पुरे करा.

ताई : झाकण कुठंय?

बारक्या : माळ्यावर. आईनं चादरीत गुंडाळून ठेवलंय. रबर असेल अजून. काढतो, इथं आतून बसवतो. मग उभाही चालेल.

ताई : नको. आडवाच असू दे. आणि तुझ्याशी मी अजून बोलत नाहीये.

बारक्या : मी तरी कुठं बोलतोय? धर तिकडून. सावकाश टेकव.

ताई : कीबोर्ड दे.

बारक्या : खुर्ची ओढून घे ना.

ताई : खुर्ची नको. पडूनच बघते. आई, उशी दे.

आई : दोन घे. एका उशीवरून त्यांना पडदा दिसायचा नाही.